दुहेरी कड

सुमेधा चौगुले हिला डोळे मिटायला लावून एखादं इलेक्ट्रोपॉप गाणं ऐकवावं आणि विचारावं, याच्या कव्हरवर काय असेल? दहापैकी नऊ वेळा ती बरोबर सांगायची. खालचा खर्ज धडधडत असेल तर पार्श्वभूमी काळी नाहीतर गडद निळी. गाणारीचा आवाज यंत्रातून गाळून पातळ केलेला असेल तर एकच गुलाबी रेघ. चेहरा असलाच तर अर्धा अंधारात, आणि त्याची नजर तुमच्याकडे नाही, कुठेतरी कडेला. अक्षरं बारीक, भांडण झालेल्या जावांसारखी एकमेकींपासून फटकून उभी. मागच्या बाजूला गाण्यांची यादी एका कोपऱ्यात कोंबलेली आणि उरलेली जागा उगाचच मोकळी.

ही काही दैवी देणगी नव्हती. पुण्याच्या 'स्वरपट' कंपनीत अकरा वर्षं ती हेच करत आली होती. साठ वर्षांतली एक्केचाळीस हजार कव्हरं तिने मापली आणि त्यांतून चौदा खुणा काढल्या. चौदांपैकी नऊ खुणा ज्यावर सापडतील ते कव्हर इलेक्ट्रोपॉपचं, मग आत काहीही वाजो. "म्हणजे तू नक्की करतेस काय?" असं नातेवाईक विचारायचे. ती सांगायची, "पाकिटं बघते." ते ऐकून नातेवाईक विषय बदलायचे.

पण २०४१ साली या पाकिटं बघण्याला भलताच मान आला होता, आणि त्याचं कारण होतं आरसा.

त्याचं असं झालं, की हवेतून येणारी गाणी ऐकून ऐकून लोक कंटाळले. हातात धरायला काहीतरी हवं, म्हणून तबकड्या परत आल्या, आणि तबकड्यांबरोबर पाकिटंही. ही पाकिटं मात्र छापील नव्हती. त्यांच्यावर एक पातळ पापुद्रा असे, त्यात रंगाचे लाखो बारीक कण. विजेचा इशारा मिळाला की कण फिरत आणि चित्र बदले. कोपऱ्यात तिळाएवढा कॅमेरा. तो तुमच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघायचा. माणसाला एखादी गोष्ट भावली की बाहुली किंचित मोठी होते. त्यावर आपला ताबा नसतो, भिडेखातर ती मोठी करता येत नाही की लाजेखातर लहान. आरसा नावाची प्रणाली ही बाहुली मोजायची, चित्र जरा बदलायची, पुन्हा मोजायची, आणि तीन सेकंदांत तुम्हाला सगळ्यांत आवडेल असं कव्हर तुमच्यासमोर उभं करायची. एकाच तबकडीचं कव्हर तुमच्या हातात वेगळं आणि शेजाऱ्याच्या हातात वेगळं.

यात कानाचाही भाग होता. मेंदू गाणं नुसतं ऐकत नाही, पुढे काय येणार याचा अंदाज बांधत ऐकतो. हा अंदाज कव्हर बघतानाच सुरू होतो. अंदाज आणि गाणं जुळलं, तर तेच गाणं अधिक गोड लागतं. 'कव्हर हा गाण्याचा पहिला सूर आहे' हे वाक्य सुमेधाचं, आणि स्वरपटच्या दाराशी ते मोठ्या अक्षरांत लावलेलं होतं. येता-जाता ती ते वाचायची, आणि खोटं कशाला सांगा, तिला फार बरं वाटायचं.

आरशाला चौदा खुणा शिकवल्या त्या तिनेच. त्यांतली पहिली सगळ्यांत जबरदस्त निघाली. तिला ती 'दुहेरी कड' म्हणायची. काळ्या आकृतीला लागून गुलाबी रंग बसवलेला असतो, पण नेमका बसत नाही, केसभर सरकलेला असतो. त्यामुळे आकृतीला दोन कडा दिसतात, एक काळी आणि एक गुलाबी. ही दुहेरी कड दिसली की बघणाऱ्यांच्या बाहुल्या टपोऱ्या व्हायच्या. शंभरातल्या नव्वदांच्या व्हायच्या.

कोणत्या कव्हरने कोणाचं काय उचललं याची वंशावळ आरसा मांडू शकायचा. दुहेरी कडेचा माग काढत काढत तो एका मूळ कव्हरपाशी पोचला होता. २००९ सालचा 'विजेचे खांब' नावाचा अल्बम. पुण्यातल्या दोन कॉलेजवाल्यांनी स्वतःच काढलेला, पाचशे प्रतींचा. कव्हर कुणी केलं, कुठे छापलं, कशाचाही पत्ता नाही. संग्रहात त्याच्या तीनच प्रती होत्या आणि गंमत म्हणजे तिन्हींची कड वेगळी. एकीत जेमतेम दिसेल एवढी, दुसरीत तिच्या दुप्पट, तिसरीत तिप्पट.

सुमेधाने यावर सिद्धांत मांडला. डोंगरात हाक मारली की प्रतिध्वनी येतो, आणि प्रत्येक वेळी मूळ हाकेपासून आणखी थोडा लांब जातो. इलेक्ट्रोपॉपच्या आवाजातही तसाच लांबत जाणारा प्रतिध्वनी असतो. 'विजेचे खांब'च्या अनाम चित्रकाराने तो प्रतीगणिक डोळ्यांना दाखवला, आणि मेंदूला तो जन्मजात ओळखीचा असल्यामुळे जगभर आवडला. विभागाचे प्रमुख डॉ. उकिडवे यांनी त्याला 'चौगुले नियम' असं नाव दिलं. येत्या शुक्रवारी त्याची मोठ्या समारंभात घोषणा होणार होती. पाठोपाठ पहिलीच्या पाठ्यपुस्तकांतली चित्रं दुहेरी कडेची करायचा प्रस्तावही तयार होता. आवड जन्मजातच असेल, तर मुलांचं लक्ष पुस्तकात जास्त लागणार, असं साधं गणित होतं.

आपलं आडनाव नियमाला लागणार म्हटल्यावर माणूस पहिल्यांदा घरी धावतो. सुमेधा शनिवारी सकाळी इचलकरंजीला पोचली.

तिचे वडील, म्हणजे आप्पा, भाऊसाहेब चौगुले गावभागात दोन खोल्यांत एकटे राहायचे. वय बाहत्तर. उभी हयात त्यांनी मगदूम प्रिंटर्समध्ये घालवली होती, आणि सुरुवातीची बरीच वर्षं ऑफसेट मशीन चालवलं होतं. तिथे साडीच्या खोक्यांची लेबलं छापत. मशीन जुळवताना जे कागद वाया जायचे तेच पुन्हा पुन्हा मशीनमधून काढायचे, त्यामुळे एकाच कागदावर मोर, त्याच्या पोटात गुळाची ढेप, ढेपेवर कुणाच्या तरी लग्नाचा गणपती, असा सगळा गोतावळा जमायचा. आप्पा ते कागद घरी आणायचे आणि सुमेधाच्या वह्यांना कव्हर घालायचे. वर्गात सगळ्यांच्या वह्या खाकी आणि हिची वही म्हणजे जत्रा. बाई रागवायच्या, पोरी हेवा करायच्या. कव्हरांचा नाद तिला लागला तो तिथेच.

चौथीत मात्र मध्येच काहीतरी बिनसलं. आप्पा मशीन सोडून कटिंगला, म्हणजे कागद कापायच्या कामाला गेले. पाठ दुखते म्हणाले. आणि त्यानंतर त्यांनी वह्यांना घातली ती खाकी कव्हरं. छापखान्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "त्यात काय हाय सांगण्यासारखं?" बापाच्या कामाचा तिला अभिमान होता, पण तो ऐकवायला गेलं की ते उठून पाणी प्यायला जायचे.

"हे बघा आप्पा," असं म्हणून तिने पिशवीतून एक जिवंत पाकीट काढलं आणि त्यांच्या शेजारी बसून समोर धरलं. पाकीट क्षणभर लकाकलं, जांभळं झालं, हिरवं झालं, आणि मग मातीच्या रंगाचं होऊन थांबलं.

"ह्यात छापलंय काय नक्की?" आप्पांनी विचारलं.

"दोघांनी एकदम बघितलं की ते गोंधळतं. एकेकट्यानं बघायचं असतं."

"आन मग दुसऱ्याला दाखवायचं कसं?"

ती हसली. तिने पाकीट बाजूला ठेवून भिंतीवर समारंभातलं भाषण लावलं. चौदा खुणा, बाहुल्या, प्रतिध्वनी. आप्पा कौतुकाने ऐकत होते, मध्येच "वा!" म्हणत होते. मग भिंतीवर 'विजेचे खांब'च्या तीन प्रती शेजारी शेजारी आल्या. काळे खांब, गुलाबी चेहरा, आणि ती सुप्रसिद्ध दुहेरी कड.

आप्पा उठले. फळीवरचं भिंग घेतलं आणि भिंतीला नाक लावून उभे राहिले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी भिंग फळीवरच होतं.

"बंद कर ते," ते म्हणाले. चपला पायात अडकवून बाहेर पडले ते दोन तास परत आलेच नाहीत.

सुमेधाला राग आला, रडूही आलं. अकरा वर्षांचं काम बापाला दाखवायला आणलं आणि बाप उठून गेला, याचा कुणालाही राग येईल. मग उठून तिने भात लावला.

आप्पा आले ते सरळ पलंगाखालची ट्रंक ओढूनच बसले. तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखालून त्यांनी एक मोठा कागद काढला आणि तिच्यासमोर पसरला. त्यावर 'विजेचे खांब' आठ वेळा छापलेलं होतं, दोन-दोनच्या चार ओळींत. सगळ्यांत वरच्या ओळीत कड नव्हतीच. दुसऱ्या ओळीत केसभर होती. तिसरीत दुप्पट, चौथीत तिप्पट. आणि अगदी खाली, कापायच्या पट्टीत, बारीक अक्षरांत होतं: मगदूम प्रिंटर्स, इचलकरंजी.

"त्यो प्रतिध्वनी न्हवं पोरी," आप्पा म्हणाले. "रजिस्टर हललंय, रंगावर रंग नीट बसला न्हाई. माझी चूक हाय ती."

सुमेधा कागदाकडे बघतच राहिली. ज्या अनाम चित्रकाराबद्दल तिने तीन निबंध लिहिले होते, तो समोर बसून पंच्याने मान पुसत होता.

मग आप्पांनी सगळं सांगितलं. एका रंगाचं मशीन. आधी काळा छापायचा, मग तेच कागद पुन्हा घालून गुलाबी. कागदात तंतू असतात. हवा दमट असली की तंतू पाणी पितात आणि कागद आडवा फुगतो. तंतूंच्या लांबीला जवळपास नाहीच, रुंदीला फुगतो. म्हणून दोन रंगांच्या मध्ये कागदाची थप्पी प्लास्टिकने झाकून ठेवायची, हा छापखान्यातला पहिला धडा. त्यात हा कागद दुसऱ्या कामातला उरलेला, उलटा कापलेला, म्हणजे फुगणार तो नेमका खालच्या दिशेने. मशीन कागदाला वरच्या कडेला चिमट्यात धरतं. चिमट्याजवळ रंग नेमका बसतो आणि जसजसं खाली जावं तसतसा हुकत जातो. शेपटाशी, म्हणजे अगदी खालच्या कडेला, अर्धा मिलिमीटर.

"थप्पी उघडी राहिली," आप्पा म्हणाले. "तीन तास. ऑगस्ट म्हैना."

"तुमच्या हातून? थप्पी उघडी?"

"भायेर गेलो होतो."

"कुठं?"

आप्पांनी कागदाची घडी पुन्हा बोटाने सरळ केली. "तुझ्या शाळंत. चित्रकलेचं बक्षीस न्हवतं का तुझं, जिल्ह्यात पयलं? काळा संपवला आन तसाच पळालो. परत आलो ते हवेतच. सगळ्यास्नी सांगत सुटलो. गुलाबी चढवला, चिमट्याकडची बाजू बघितली, टाइट होती, रंग नेमका. शेपटाकडं बघितलंच न्हाई. पाचशे नग हुईस्तवर बघितलं न्हाई."

सुमेधाला तो दिवस आठवला. शाईने काळा झालेला शर्ट घालून दाराशी उभा असलेला बाप, आणि सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही चाललेल्या त्याच्या टाळ्या. त्या वेळी तिला थोडी लाजच वाटली होती.

"त्या कॉलेजवाल्यांचा त्याच संध्याकाळी हितंच कार्यक्रम होता. चालंल म्हणाले, घेऊन गेले. शेठ म्हणाले, आपलं नाव दिसता कामा न्हाई ह्याच्यावर. मला कटिंगवर बसवलं. पयलं काम हेच दिलं, आपल्याच हातानं नावाची पट्टी कापून टाकायचं. त्यानंतर तुझ्या वह्यांस्नी छापखान्यातला कागद घालायचं मन झालं न्हाई."

भात करपल्याचा वास आल्यावर दोघेही एकदमच उठले.

जेवताना आप्पांनी तिचा हात धरला. "हे कुणाला सांगू नगं. बत्तीस वर्सं मी बोललो न्हाई, आणखी धा न्हाई बोलणार. तुझं नाव लागतंय नियमाला, लागू दे. माझी चूक तुझ्या नावाला कशाला चिकटवतीस?"

आणि सुमेधाला मोह झाला. तो झाला नाही असं सांगितलं तर ती खोटी ठरेल. नियमाला चौगुले नाव, कदाचित पुढे विद्यापीठात जागा, आणि बापाची लाजही झाकलेलीच. कुणाचं काही बिघडत नव्हतं. नाही म्हणायला पहिलीच्या पोरांचं बिघडत होतं. सबंध राज्यातली पोरं एका दमट दिवसाची चूक जन्मजात सत्य म्हणून गिरवणार होती. पण तिला खरी टोचली ती दुसरीच गोष्ट. ती कापलेली पट्टी. एक्केचाळीस हजार कव्हरांत सगळ्यांत जास्त नक्कल झालेल्या कव्हरवरून या माणसाने स्वतःच्या हाताने नाव कापून टाकलं होतं, आणि तीच पट्टी आता त्याच्या लेकीने दुसऱ्यांदा कापायची होती.

तिने हात सोडवून घेतला आणि डॉ. उकिडव्यांना फोन लावला.

"एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर अकरा वर्षं फेकून द्यायची?" उकिडवे ओरडले नाहीत, ते ओरडत नसत. पण आवाज अगदी बारीक झाला होता.

"आठवणीवर नाही सर. मोजमापावर."

"मग मोज. शुक्रवारपर्यंत."

सोमवारी सकाळी, ऑगस्टच्या तशाच दमट हवेत, दोघं मगदूम प्रिंटर्समध्ये गेली. जुन्या शेठचा नातू शांतिनाथ आता तिथे बघायचा. ते एका रंगाचं मशीन त्याने मोडीत काढलं नव्हतं, ताडपत्रीखाली ठेवून वर्षातून दोनदा तेल घालत होता. आप्पांनी ताडपत्री काढली, चाकावर हात ठेवला, आणि त्यांची पाठ सरळ झाली. वयाच्या बाहत्तराव्या वर्षी पाठदुखी कुठे पळाली कोण जाणे.

खरी पंचाईत पुढेच होती. आप्पांना चूक करायची होती, आणि ती त्यांच्याच्याने होईना.

चित्राच्या नव्या प्लेटा करून घेतल्या, कागद तेव्हासारखाच उलटा कापला. काळा छापून झाला, आणि त्यांनी बोलता बोलता थप्पीवर प्लास्टिक ओढलं. "आप्पा!" "आँ? व्हय, व्हय." प्लास्टिक काढलं. जरा वेळाने सुमेधाने बघितलं तर पुन्हा झाकलेलं. जुनी मुरलेली सवय, डोक्याला विचारत नव्हती. शेवटी शांतिनाथने ते प्लास्टिक कपाटात घालून कुलूप लावलं. पण आप्पा थप्पीभोवती घुटमळत राहिले, कागदाच्या कडा चाचपत राहिले, पंखा बंद करून आले.

"तुमचा जीव इथं अडकलाय. चला," सुमेधा म्हणाली, "शाळेत जाऊ."

दोघं तिच्या जुन्या शाळेत गेली आणि मैदानाच्या कडेच्या बाकावर बसली. आप्पांनी तिला तेव्हाचं व्यासपीठ कुठे होतं ते दाखवलं, ते स्वतः कुठे उभे होते ते दाखवलं. "बाईंनी तुझं नाव घेतलं की न्हाई, तवा माझ्या शेजारचा इचारतो, ही कुणाची? मी म्हनलं, माझी." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला, की तीन तास कधी झाले ते सुमेधाला कळलंच नाही. घड्याळ लावलं होतं म्हणून बरं.

परत येऊन गुलाबी चढवला. पहिला कागद बाहेर पडला, आप्पांनी शेपटाकडे एक नजर टाकली आणि त्यांचा हात आपोआप जुळवणीच्या स्क्रूकडे गेला.

"जुळवू नका!"

"हात ऐकत न्हाईत गं माझे," आप्पा कळवळून म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि स्वतःची चूक दोनशे कागदांवर छापली जाताना नुसती बघत उभे राहिले. एवढं कष्टाचं काम त्यांनी आयुष्यात केलं नसेल.

सुमेधाने सूक्ष्मदर्शकाखाली कागद मोजले. मग ट्रंकेतला कागद मोजला. मग संग्रहातल्या तीन प्रतींची मापं शेजारी ठेवली. ओळीगणिक हुकण्याचं प्रमाण दोन्ही कागदांत तेच निघालं, आणि तिन्ही प्रती त्यात आपापल्या ओळीत चपखल बसल्या. मोजणी तिने तीन वेळा केली. तिसऱ्या वेळी तिच्या मनात नियम गेल्याचं दुःख शोधूनही सापडेना. तिचा बाप पुन्हा करून दाखवता येण्यासारखा होता, आणि विज्ञानात याहून मोठी गोष्ट नसते.

शुक्रवारी समारंभाच्या सभागृहात दोनशे माणसं होती. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. सुमेधाने व्यासपीठावरून चौदा खुणा सांगितल्या, टाळ्या झाल्या. मग ती म्हणाली, "यांतल्या पहिल्या खुणेबद्दल माझा सिद्धांत चुकीचा आहे." तिने कागद दाखवले, मापं दाखवली, थप्पी, दमट हवा, तंतू, सगळं सांगितलं. पट्टीसुद्धा सांगितली.

डॉ. उकिडवे पहिल्या रांगेतून उठले. "कड कुठून आली ते समजलं. पण लोकांच्या बाहुल्या मोठ्या होतात, ते तर खोटं नाही ना?"

"खोटं नाही सर. पण ते जन्माचं नाही, शिकलेलं आहे. एकाने चुकलेलं दुसऱ्याला मुद्दाम केल्यासारखं वाटलं, त्याने नक्कल केली, त्याची तिसऱ्याने. तीस वर्षं ही कड बघत, तिच्यासोबत गाणी ऐकत दोन पिढ्या वाढल्या. मंगळवारी आणि बुधवारी मी इचलकरंजीतल्या अशा तेवीस माणसांच्या बाहुल्या मोजल्या, ज्यांनी हे संगीत कधी ऐकलं नाही. दुहेरी कड दाखवल्यावर बावीस जणांची बाहुली तसूभरही हलली नाही."

"आणि तेविसाव्याची?"

सुमेधाने शेवटच्या रांगेकडे बघितलं. "तेविसावे माझे वडील आहेत. त्यांच्या बाहुलीएवढी मोठी बाहुली आरशाने आजवर नोंदलेली नाही."

आधी कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, पण ते हसणं मायेचं होतं. उकिडवे हसले नाहीत. ते व्यासपीठावर आले, ट्रंकेतला कागद हातात घेतला, खिशातून चष्मा काढून खालची पट्टी वाचली. अकरा वर्षं त्यांचीही होती. कागद खाली ठेवून त्यांनी सभागृहाकडे पाहिलं.

"ही चूक कुणाची? ते गृहस्थ आलेत का?"

शेवटच्या रांगेत आप्पा उभे राहिले. बत्तीस वर्षं ज्या शब्दाला ते घाबरले होते तो शब्द त्यांनी मान ताठ ठेवून, मागच्या भिंतीवर आपटेल एवढ्या मोठ्याने उच्चारला.

"माझी!"

टाळ्या पुष्कळ झाल्या. पण सगळ्या थांबल्यावरही एक टाळी वाजतच राहिली. ती व्यासपीठावरून येत होती. ती सुमेधाची होती, आणि या वेळी तिला अजिबात लाज वाटत नव्हती.

चौगुले नियम काही झाला नाही. पाठ्यपुस्तकांचा प्रस्ताव मागे घेतला गेला. सुमेधाची नोकरी राहिली, दारावरचं वाक्यही राहिलं; उकिडव्यांनी दोन आठवडे तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं आणि तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडे एक नवा विषय सोपवला: उरलेल्या तेरा खुणांमागे कुणाकुणाचे हात आहेत ते शोधायचं. आरशाच्या वंशावळीत मुळाशी आता कोरी जागा नव्हती. तिथे लिहिलं होतं: मुद्रक, भाऊसाहेब चौगुले. मगदूम प्रिंटर्स, इचलकरंजी. ऑगस्ट २००९. कारण, थप्पी उघडी राहिली. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती: थप्पी उघडी राहण्याचं कारण, मुलीचं बक्षीस.

"ही ओळ कशाला टाकलीस?" आप्पांनी विचारलं.

"शास्त्रात पूर्ण कारण द्यावं लागतं."

सुधारलेल्या अहवालाची छापील प्रत घेऊन ती दिवाळीत घरी आली होती. आप्पांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. मग आत जाऊन त्या सोमवारी छापलेल्या दोनशे कागदांतला एक घेऊन आले. जमिनीवर मांडी घालून बसले. कागद एकदा उभा वाकवला, एकदा आडवा वाकवला, कुठे जास्त अडतो ते बोटांनी तपासलं. "तंतू बघून घातलं म्हंजे कव्हर सुटत न्हाई," म्हणाले. अंगठ्याच्या नखाने घडी दाबली, कोपरे आत मुडपले. काळे खांब आणि गुलाबी चेहरा अहवालावर नीट बसले, खालच्या बाजूला दुहेरी कडेसकट.

फळीवरच्या डब्यातून त्यांनी शाळेच्या वहीवर चिकटवतात तसलं एक लेबल शोधून काढलं. पिवळं पडलं होतं, पण चिकटलं. त्यावर पेनाने सावकाश लिहायला घेतलं. नाव, सुमेधा भाऊसाहेब चौगुले. इयत्तेपाशी येऊन जरा थांबले. मग लिहिलं, चौथी.

"चौथीची राहिली होती घालायची," ते म्हणाले, आणि अहवाल तिच्या हातात दिला.